उजवीकडं अंधार होता, आणि आण्णा म्हणाले "झ्याक"

आज घरी जे कळलं, ते इथं लिहितेय.

वाईच्या घाटाचं व्हीआर, म्हणजे चष्म्यातून चहूकडं खरंखुरं वाटणारं दृश्य, मी साध्या फोनवर बसवतेय. प्रत्येक डोळ्यासाठी वेगळं चित्र काढावं लागतं, त्यामुळं फोनला दुप्पट काम पडतं. तो तापतो, चित्र अडखळतं. म्हणून काल युक्ती केली: लांबची देवळं एकदाच काढायची आणि दोन्ही डोळ्यांना तीच दाखवायची.

आज दुपारी कडेगावला घरी वडिलांच्या डोळ्यांवर फोन बसवलेला तो चष्मा चढवला. फौजेतून रिटायर झालेला माणूस, तोंडदेखलं बोलणार नाही.

"आण्णा, कसं दिसतंय?"

"झ्याक! लय भारी."

मग मी घातला. डाव्या डोळ्याला घाट दिसत होता, उजव्याला नुसता अंधार. चूक माझ्या कोडमध्ये होती.

पण मग आण्णांना ती दिसली कशी नाही?

मी त्यांचा डावा डोळा हातानं झाकला. "आता?"

त्यांनी माझा हात बाजूला सारला. "उजव्यानं दिसत न्हाई. वरीस झालं आसंल. तू कामात असतीस, कशाला सांगायचं?"

आणि रोज उसाच्या ट्रॉल्यांमधनं मोटरसायकल चालवतात!

उद्या सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेतेय.

तुम्हीही आज घरच्यांचा एकेक डोळा झाकून बघा. नुसतं "दिसतंय ना?" विचारू नका. ते व्हयच म्हणतात.