भाऊजींच्या भिंतीवरचे समुद्रपक्षी

"ह्यांना कधीपासून हाक मारतेय, उठत नाहीत गं…" शालूताईचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, सकाळी फोन आला तेव्हा मी अंबरनाथला घरी डबे भरत होते. तिच्या आवाजावरूनच कळलं. रिक्षाने बदलापूरला, ताईच्या बेलवलीच्या घरी पोचले, तोवर सुधाकर भाऊजींना हॉलमध्ये खाली ठेवलं होतं आणि वर भिंतभर त्यांचे पक्षी. माणसं आत येत, हात जोडत आणि नकळत मान वर करून त्या तसबिरींकडे बघत राहत. मला रागच आला, खरं सांगते. माणूस खाली आहे, वर काय बघताय?

पण त्यांचा तरी काय दोष… भिंतच तशी होती. कुरव, सुरय, पाणकावळा, रंगीत चोचीचा कुठलासा गलेलठ्ठ विलायती पक्षी. सगळे समुद्रावरचे, सगळे जुन्या इंग्रजी पुस्तकांतून सुटलेल्या पानांवरचे. तांब्याच्या पत्र्यावर रेघ न् रेघ कोरायची, शाई भरून कागदावर दाबायची आणि रंग नंतर हाताने भरायचे, हे भाऊजींनी इतक्यांदा सांगितलं की मला पाठ झालं. ते कारखान्यात फिटर होते. धातूवर हात चाललेला माणूस. उल्हासनगरच्या एका भंगारवाल्याकडे शिवण उसवलेल्या पुस्तकात त्यांना पहिलं पान सापडलं आणि मग वेडच लागलं.

ते पहिलं पान त्यांनी मोठ्या हौसेने तिथल्याच दौलतभाईंकडे फ्रेम करायला टाकलं. दौलतभाईंचा सगळा जन्म लग्नाच्या जोडप्यांचे फोटो आणि गेलेल्या माणसांचे फोटो मढवण्यात गेलेला. त्यांनी कडेचा पांढरा कागद कापला, त्यावरची पत्रा दाबल्याची खाच, म्हणजे अस्सल छाप असल्याची खूणच, गेली, आणि उरलेला पक्षी गोंदाने प्लायवर पक्का चिकटवला. वर खुशीत म्हणाले, "साईं, बाजू का सफेद तो फालतू था, काट दिया. अब देखो, कैसा फिट बैठा है!" मी असते तर दुकान डोक्यावर घेतलं असतं. भाऊजींचा चेहरा पार उतरला, पण तिथेच चहा प्यायले आणि म्हणाले, "पुढच्या वेळेला मी बाजूला बसतो." आणि खरंच, पुढची प्रत्येक फ्रेम होईपर्यंत ते त्या दुकानात बसले. दोघांची अशी मैत्री जमली की ताई वैतागायची.

तशी ती पक्ष्यांवरच वैतागलेली असायची. "लोकांच्या हॉलमध्ये शोकेस असतं, पोराबाळांचे फोटो असतात. आमच्याकडे ही मासेखाऊ बिऱ्हाडं!" सगळा संसार तिने त्या भिंतीसाठी भांडण्यात घालवला. भाऊजी नुसते हसायचे. एकदा मीच विचारलं, "भाऊजी, तुम्ही बदलापूर गावातले, होडीत बसलात की चक्कर येते. मग समुद्रावरचेच पक्षी का हो?" ते म्हणाले, "आम्ही भाड्याने खोली शोधत होतो ना, तेव्हा सगळीकडे पहिला प्रश्न आडनावाचा. आडनाव सांगितलं की खोली आधीच दिलेली असायची. ह्यांचं बघ. वाटेल त्या खडकावर उतरतात, अंडी घालतात. कोण विचारतंय?" आणि लगेच, "जा, चहा टाक." पुन्हा कधी हा विषय त्यांनी काढला नाही.

भाऊजींच्या शोकसभेच्या, पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी अमोल, त्यांचा मुलगा, वडिलांचा भलामोठा फोटो घेऊन आला. वर चंदनाचा हार, खाली सोनेरी अक्षरांत 'कालकथित', आमच्यात 'कैलासवासी'च्या जागी लिहितात ते. भिंतीच्या मधोमध तो लावायचा, म्हणजे पक्षी उतरवायला हवे होते. अमोल स्टुलावर चढला. मी ताईकडे बघत होते. इतकी वर्षं मागत होती ती भिंत आज तिला मिळणार होती.

"खाली उतर," ताई म्हणाली.

"आई, पप्पांचा फोटो नको का लावायला?"

"लाव ना. पण लहान करून आण, ह्यांच्याच ओळीत बसेल असा. हार नको. आणि ते कालकथित काढ."

"अगं, लिहितातच तसं. लोक काय म्हणतील?"

ताई उठून भिंतीपाशी गेली. "हे सगळे बंदुकीने मारलेले आहेत. पक्षी मारायचा, समोर मांडायचा, आणि मग त्याला बघून चित्रात उडताना काढायचा. मी भाजी निवडत बसले की हेच सांगत बसायचे तुझे पप्पा. एकाच्या तरी खाली लिहिलंय का, मेला म्हणून?"

अमोल फोटो काखेत मारून तसाच दौलतभाईंकडे गेला.

परवा गेले तेव्हा ताई ओल्या फडक्याने काचा पुसत होती. कुरव झाला, पाणकावळा झाला, मग भाऊजी. त्यांच्या काचेवर ती जरासुद्धा रेंगाळली नाही, पुसली आणि पुढच्या पक्ष्याकडे वळली. रडू फुटलं ते मलाच.