इशिदा-सानचा भाऊ निवडणुकीला उभा राहतो

आखातात वाळू आणि किस्से न मागताच साठतात. झटकावे तेवढे पुन्हा येतात! बहारीनमध्ये मआमीरजवळ आमची जपानी कंपनी तेलाच्या टाक्या बांधत होती. त्या साइट ऑफिसात एका निवडणुकीनेच केवढे किस्से पुरवले!

साल त्र्याण्णव, महिना जुलै. आमचे मॅनेजर इशिदा-सान यांचा धाकटा भाऊ तिकडे जपानमध्ये संसदेसाठी उभा होता, तोही सत्ताधारी पक्षातर्फे. अडतीस वर्षं सत्तेत असलेला पक्ष नेमका तेव्हाच फुटला. इशिदा-सानना डबा जाईना.

*

पेंटिंगचे फोरमन हसनभाई रत्नागिरीचे. त्यांनी मला विचारलं, "साहेब, पक्ष फोडला कुणी?"

"त्यांच्याच लोकांनी."

"म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीसारखंच की! मला वाटलं, जपानी लोक शिस्तीचे!"

*

इंजिनिअर जोशी पुण्याचा, म्हणजे सल्ला देणं आलंच. तो इशिदा-सानना म्हणाला, "बहुमत गेलं तरी घाबरू नका. आमच्या दिल्लीत सध्या त्याच्याशिवायच चाललंय!"

इशिदा-सान गंभीरपणे म्हणाले, "मग आम्हाला ट्रेनिंग द्या."

*

एकदा फॅक्सवर भावाचा फोटो आला. मतदारांपुढे पार कमरेत वाकून नमस्कार!

हसनभाई हळहळले, "बिचाऱ्याची कंबर धरली वाटतं. इलेक्शन झालं की लीव्ह द्या त्याला!"

*

इशिदा-सानच्या टेबलावर एक लाल, गोल, मिशाळ बाहुली असायची. मनात इच्छा धरून तिचा एक डोळा रंगवायचा आणि इच्छा पूर्ण झाली की दुसरा, अशी त्यांच्याकडची रीत. भावासाठी एक डोळा रंगवून ते निकालाची वाट बघत होते.

मतदानाच्या दिवशी बघतो तर बाहुलीला दोन डोळे!

"अर्धवट काम आपल्याला नाय बघवत," हसनभाई खुशीत म्हणाले.

मी रीत सांगितली, तसा त्यांचा चेहरा उतरला. "या अल्ला! आता भाऊ पडला तर माझ्यामुळे!" त्यांनी थिनर आणून घासघास घासलं. बाहुलीच्या मिशा गेल्या, डोळा जागच्या जागी. टाकीचा पेंट होता तो!

दुसऱ्या दिवशी निकाल आला. पक्षाचं बहुमत गेलं आणि भाऊही पडला. हसनभाई स्वतःच केबिनमध्ये गेले, मागोमाग मी. मोडक्यातोडक्या इंग्रजीत ते म्हणाले, "चूक माझी, साहेब. व्हिसा कॅन्सल करा, पण राग मनात ठेवू नका."

इशिदा-साननी बाहुली उचलली, बराच वेळ न्याहाळली आणि पुन्हा टेबलावर ठेवली.

"राहू दे, हसन-सान. आमच्या पक्षात एकाला तरी दोन्ही डोळ्यांनी दिसू दे!"