तायडेबाबू आणि न मरणारे कागद

अन्वी, कबीर,

परवा फोनवर तुम्ही दोघं हसत होतात, की लोक दिवाळीच्या आधी घर सजवतात आणि आपली आजी कागद फाडत बसते. हसा. पण ही सवय मला माझ्या इंग्रजी शाळेने लावलेली नाही. तिथे तर आम्हाला चिठोरंसुद्धा जपून ठेवायला शिकवलं होतं. ही सवय तायडेबाबूंची. ते गेल्या महिन्यात नांदुऱ्याला त्यांच्या राहत्या घरी वारले. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, आणि आता मी तरी किती दिवस सांगणार, म्हणून आज बैठक मारून लिहिते आहे.

मेहकरला एका सरकारी कार्यालयात मी अव्वल कारकून होते. अव्वल म्हणजे कारकुनांत पहिली; मान तेवढा, पगार बेताचा. तिथे तायडेबाबू अभिलेखपाल म्हणून बदलून आले. काम संपलेल्या फायली ज्याच्या ताब्यात असतात तो अभिलेखपाल. पहिल्या दिवशी त्यांनी रेकॉर्डच्या खोलीचं दार ढकललं तर ते अर्धंच उघडलं, कारण मागे गठ्ठे. ते आडवे होऊन आत शिरले, शिंकत बाहेर आले आणि मिशीवरची धूळ झटकत मला म्हणाले, "मॅडम, यातलं मेलेलं काय अन् जिवंत काय?"

मी म्हटलं, "सगळं रेकॉर्डच आहे."

"गावात सगळे माणसंच असते. तरी मसनवटा येगळा ठेवते ना लोक?"

सरकारी कागदाला आयुष्य ठरवून दिलेलं असतं. अ वर्गाचा कागद कायमचा, ब आणि क वर्गाचे काही वर्षांचे, ड वर्गाचा वर्षभराचा. मुदत संपली की साहेबांच्या सहीने तो नष्ट करायचा. नियम इतका सरळ. आमच्याकडे मात्र फार पूर्वी एका तपासणीत एक फाइल सापडली नव्हती आणि त्यापायी एका कारकुनाला पुष्कळ भोगावं लागलं होतं. तेव्हापासून फाइल बंद करताना जो तो डोळे मिटून तिच्यावर 'अ' लिहायचा. त्यामुळे माकडांनी कौलं फोडल्याचा वनखात्याशी झालेला पत्रव्यवहार अमर होता. भिंतीवरचं घड्याळ बंद पडल्याबाबतची फाइल, सगळ्या स्मरणपत्रांसह, अमर होती. पाहुण्यांच्या दौऱ्यात फुटलेल्या कपबशासुद्धा लाल फडक्यात बांधून अमर झाल्या होत्या.

"आमच्या घरी देव्हारा नाही," तायडेबाबू म्हणायचे, "म्हणून मले जागेची किंमत समजते. तुमी लोकायनं घड्याळाले देव करून ठेवलं."

मी माझ्या शिक्षणाला जागून त्यांच्याशी वाद घातला. हा इतिहास आहे, उद्या कोणी संशोधक येईल, वगैरे. त्यांनी पान लावता लावता शांतपणे ऐकून घेतलं. "येऊ द्या. घड्याळ बंद होतं हे वाचून काय करन तो? चाबी देईन?"

हे सगळं गमतीपुरतंच राहिलं असतं; पण कविता बाळंतपणाची रजा संपवून परत आली. ती आमच्याकडे कनिष्ठ लिपिक होती, दुसरबीडहून रोज एसटीने यायची. आता बाळ आणि सासूबाईही तिच्याबरोबर येऊ लागल्या. सासूबाई लिंबाखाली बसायच्या. बाळ रडलं की कविता उठून जीपच्या शेडमध्ये जायची आणि बिघडलेल्या जीपच्या आडोशाला त्याला पाजायची. कार्यालयात बायकांसाठी खोली नव्हतीच. एकदा ड्रायव्हर टायर शोधत तिथे आला. त्या दुपारी कविताने माझ्या टेबलावर राजीनामा ठेवला. पोरीने परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी. घरात पहिली.

तायडेबाबू तिथेच उभे होते. त्यांनी तो उचलला, वाचला आणि तिच्या हातात परत दिला. "पोरी, हा कागद ठेव तुह्याजवळ. माह्या खोलीत एकबी नवा कागद मावत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, त्या घड्याळापायी ही पोरगी घरी बसून राह्यली. दिसते ना तुमाले?"

दिसलं. खोली निम्मी जरी रिकामी झाली, तरी बायकांना आडोसा मिळणार होता. पण 'नष्ट' हा शब्द असलेल्या कागदावर सही करायला आमचे साहेब तयार नव्हते. ते पुण्याकडचे, बदलीवर डोळा ठेवून दिवस काढणारे. "तायडे, मी गेल्यावर कोणी विचारलं तर?" एवढं एकच त्यांचं उत्तर.

दुसऱ्या दिवशी तायडेबाबू एक गठ्ठा घेऊन साहेबांसमोर गेले. मला साक्षीला नेलं. फडकं सोडून पहिली फाइल त्यांनी टेबलावर ठेवली.

"साहेब, कपबशा. तुमचं म्हननं बराबर हाय, कायम ठेवू. फक्त काऊन ठेवाचं, ते कारण तेवढं तुमच्या हातानं लिहा. खाली सही."

"मी कशाला लिहू?"

"उद्या तपासणीवाले मले विचारतीन. म्या म्हनन, साहेबायले ठाऊक."

साहेबांनी पेन उघडलं. फाइलकडे पाहिलं. पेन मिटलं. "ही जाऊ दे."

"मंग जाऊ दे, एवढंच लिहा. हे पाहा, माकडं."

रोज एक गठ्ठा. कोणत्याही कागदावर सही करायला साहेब घाबरायचे, पण माकडं कायम ठेवण्याचं कारण लिहून सही करणं हे त्यांना नष्ट करण्यापेक्षाही भयंकर वाटायला लागलं. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी आणि शेतीचे खरे कागद मात्र तायडेबाबूंनी साहेबांना दाखवलेही नाहीत. ते स्वतः झटकून नव्या फडक्यात बांधून ठेवले. एका शिपायाने त्यातला एक गठ्ठा पायाने सरकवला, तेव्हा म्हणाले, "सांभाळ बे. त्याच्यात तुहा आजा हाय."

पंचांसमोर कागद फाडायचा दिवस ठरला. आदल्या दुपारी साहेबांनी तायडेबाबूंना बोलावलं. मी तिथे हजेरीपत्रक घेऊन उभीच होते. साहेबांनी खणातून एक बारीक फाइल काढली. कार्यालयाच्या डिझेलबद्दल कोणीतरी साहेबांविरुद्धच तक्रार केली होती, तिची.

"हीपण त्यातच घाला. जुनीच आहे."

तायडेबाबूंनी ती उलटून पाहिली. "साहेब, ही जिवंत हाय. जिवंत मानसाले तिरडीवर नाही बांधत मी."

साहेब हसले नाहीत. "मग उद्याचं राहू द्या. खोलीचं पुढच्या वर्षी बघू."

कविताचा राजीनामा अजून तिच्या पर्समध्येच होता. एक बारीक फाइल गठ्ठ्यात सरकवली असती, तर कोणाला कळणार होतं? खरं सांगते, त्या क्षणी मी मनातल्या मनात ती सरकवलीसुद्धा होती.

तायडेबाबूंनी ती फाइल नीट उघडून साहेबांपुढे ठेवली, शेजारी पेन ठेवलं आणि अगदी कपबशांच्याच आवाजात म्हणाले, "टाकून देऊ ना. फक्त मुदतीच्या आधी काऊन टाकाची, ते कारण तेवढं तुमच्या हातानं लिहा. खाली सही."

साहेबांनी फाइल ओढून घेतली, खणात टाकली आणि खण इतक्या जोरात लावला की त्याची मूठ निखळली. "उद्या सकाळी सुरू करा," ते खिडकीकडे बघत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळं कार्यालय ओसरीवर कागद फाडत बसलं. सरकारी कागद इतका आनंदाने हाताळलेला मी त्यानंतर कधी पाहिला नाही. तायडेबाबू प्रत्येक फाइलचं नाव मोठ्याने वाचून तिला निरोप द्यायचे. "घड्याळ बंद असल्याबाबत. सुटलं बिचारं." कविताने आपला राजीनामा पुढे केला आणि विचारलं, "काका, हा कोणत्या वर्गाचा?"

"ज्यानं लिहिला त्याले लाज वाटली, की तो ड," ते म्हणाले. तिने तोही फाडला.

ती तक्रारीची फाइल पुढच्या साहेबांच्या हाती गेली आणि तिची रीतसर चौकशी झाली. काय निघालं ते मला ठाऊक नाही, तायडेबाबूंनी विचारलंही नाही. "मरू दिली नाही, माहं काम झालं," एवढंच म्हणाले.

ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी नांदुऱ्याला त्यांना भेटायला गेले. मुलाने दवाखान्याचे सगळे रिपोर्ट ओळीने लावून उशाशी ठेवले होते. तायडेबाबू मला म्हणाले, "पाहा मॅडम, कपबशा." हसताना त्यांना धाप लागत होती.

कविता आता त्याच कार्यालयात अव्वल कारकून आहे. रेकॉर्डची खोली मध्ये भिंत घालून निम्मी केलेली आहे. एका बाजूला नव्या फडक्यातले जुने गठ्ठे आहेत. दुसऱ्या बाजूला एक पलंग आहे, पंखा आहे, आणि दाराला आतून कडी आहे.

तुमची,
आजी