कड्यावरची जसप्रीत

विघ्नहर्त्याच्या चरणी मस्तक ठेवून, माझी नात मुक्ता आज नवा डाव मांडते आहे या निमित्ताने, लिहावयास बसलो आहे. हे आजवर कोणाजवळही बोललेलो नाही — देवापुढेही नाही, जरी त्याला ते ठाऊकच असणार.

पत्नीच्या निधनानंतर मी लेकीकडे चंदीगडला आलो. जावई हवाई दलात, बदली इथली. आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या माणसाने येथे बोलावे कोणाशी? रविवारी मुक्ताचे मित्र जेवणाच्या टेबलावर चौकटींचा नकाशा पसरून कल्पनेतल्या लढाया खेळत. एक जण कथा सांगे, बाकीचे एकेक पात्र होऊन फासे टाकत. मुक्ताने मलाही बसवले. मी तपस्वी झालो. वायुमंत्राने समोरच्याला ढकलणे, एवढीच माझी विद्या. पण त्यातले मर्म मला लवकर उमगले — शत्रूशी झुंजत बसू नये. दलदल कुठे, आग कुठे, कडा कुठे हे पाहावे आणि त्याला तिकडे लोटावे. अडचण आली की मुक्ता विचारी, “आजोबा, आता काय करू या?” त्या एका प्रश्नासाठी मी आठवडाभर थांबत असे.

मग जसप्रीत आली. हुशार, मोकळ्या मनाची. मुक्ता तिला विचारू लागली — “जस्सी, तू बता यार.” मी शेजारीच बसलेला असे. एवढ्याने मनाला लागावे का? लागले.

त्या दिवशी कड्यावर राक्षस उभा होता आणि त्याच्या मागे, अगदी काठाशी, जसप्रीतची योद्धी. आमच्याकडे येण्याआधीपासून, कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून तिने जपलेले, वाढवलेले पात्र. राक्षसाला डावीकडच्या दलदलीत लोटता आले असते. तो मार्ग मला स्वच्छ दिसत होता. मी त्याला सरळ मागे लोटले. तो तिच्यावर आदळला, आणि दोघेही दरीत गेले.

“आजोबा, जस्सी मागे होती ना,” मुक्ता म्हणाली.

मी चष्मा काढून पुसला. “दिसली नाही गं.”

“कोई बात नहीं, नानाजी,” जसप्रीत हसली. “आपके मंत्र से मरी है, सीधी स्वर्ग जाएगी.”

पुढच्याच आठवड्यात तिने मला रिक्षाने सेक्टर सतराला नेले — डोळे तपासायला. माझी काळजी वाटली म्हणून. चष्म्याच्या दुकानदाराने तपासून सांगितले, “नंबर तो वही है जी. दूर का बिल्कुल साफ दिखता है इनको.”

जसप्रीतने माझ्याकडे पाहिले. हात धरून मला रस्ता ओलांडून दिला, घरापर्यंत सोडले. त्यानंतर ती आली नाही. मुक्ताला तिने परीक्षेचे कारण कळवले. मुक्ता कितीतरी दिवस फोन लावत राहिली — आपले काय चुकले, असे मलाच विचारत राहिली. मी काय म्हणालो? म्हणालो, मुली अशाच असतात.

आता मुक्ता पुन्हा मलाच विचारते, “आजोबा, काय करू या?” आणि मी सांगतो.

वाचकहो, आपल्या घरी सर्वांना आरोग्य लाभो. आपल्या पंगतीत आलेल्या पाहुण्याचे पान कोणाच्याही मत्सरामुळे उठू नये. शुभं भवतु.