मामेसासऱ्यांचं जनेल

माझ्या मामेसासऱ्यांइतका काविळीचा धसका घेतलेला माणूस पेडण्यापासून डिचोलीपर्यंत दुसरा सापडणार नाही, हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन. घरी आलेल्याला इतर लोक आधी पाणी देतात; मामा आधी जनेलापाशी, म्हणजे खिडकीशी नेतात, कारण उजेड तिथे चांगला. "वयर पळय," असं वर बघायला सांगत खालची पापणी ओढून डोळ्यांतला पांढरा भाग निरखतात आणि मगच ख्यालीखुशाली विचारतात. मोपाच्या विमानतळावरून थेट आलेला माझा भाऊ, पाव घेऊन येणारा पोदेर, भाचीला सांगून आलेलं स्थळ, यातून कुणीच सुटलेलं नाही. मला दिवस असताना फुलं माळायच्या समारंभासाठी सासूबाईंनी आणलेली पिवळी साडी त्यांनी कपाटात परत ठेवायला लावली. तिची झाक म्हणे डोळ्यांत पडते, मग खरं काय ते कळत नाही.

आठव्या महिन्यात साखळीहून माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला, तेव्हा मामा डिचोलीला आमच्याकडेच होते. यकृताच्या तपासणीत अल्कलाइन फॉस्फटेज नावाच्या एका आकड्यापुढे वर जाणारा बाण होता. तो पाहताच मामा चहा अर्धवट टाकून बस पकडायला धावले आणि दुपारी वैदूकडून काविळीचा पाला घेऊन परतले. घरातले मासे शेजारी गेले, सगळ्यांना पेज लागू झाली आणि पाल्याचा रस पेल्यात घेऊन ते माझ्यासमोर उभे राहिले. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी घोटही घेणार नाही, असं ठणकावून सांगितलं आणि दवाखान्यात जायला निघाले. मामांनी वाद घातला नाही. पेल्यावर बशी झाकून तो हातात धरूनच ते माझ्याबरोबर रिक्षात बसले.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला, अंगाला खाज येते का, ते विचारलं. मग समजावलं, की हे द्रव्य यकृतात बनतं तसं शेवटच्या महिन्यांत बाळाला पोसणाऱ्या वारेतही बनतं, म्हणून तो आकडा चढतोच. यकृत दुखावलं की वाढणारे बाकीचे आकडे जागच्या जागी आहेत. खाज सुटली, तर मात्र त्याच दिवशी यायचं.

"म्हणजे हें वारेचें? लिवराचें न्हय?" मामांनी विचारलं. बाईंनी होकारार्थी मान हलवली. तरी निघताना मामांनी बाईंनाही खिडकीशी उभं करून वर बघायला लावलंच, आणि त्यांनीही निमूट बघितलं.

बाहेर येऊन मामांनी पेला गटारात उपडा केला. "म्हज्या धाकट्या भयणीक आठवोच म्हयनो आशिल्लो," ते म्हणाले. "तळव्यांक खाज येताली. हांवें पालो हाडलो, आनी गुण येतलो म्हूण वाट पळयत रावलों."

नवऱ्याची ती मावशी बाळंतपणात गेली, एवढंच मला घरात सांगितलं होतं. मला एकदम रडू आलं. मामांनी रिकामा पेला धोतराला पुसला आणि रिक्षा बघायला पुढे गेले.

माझी मुलगी आता शाळेत जाते. मामांना हल्ली दिसत नाही, समोरचं माणूससुद्धा ते आवाजावरून ओळखतात. पेडण्याला त्यांच्या घरी गेलो की आम्ही दोघी चपला काढून आधी जनेलापाशी जातो आणि वर बघतो. मामा चाचपत येतात, पापणी ओढतात, बराच वेळ निरखतात.

"बरें आसा," म्हणतात, आणि मगच आम्हाला बसायला सांगतात.