बिनकाठीची मंडई

"आदेश कोणाचा होता?" आमचे एसपी साहेब विचारायचे. समोरचा ठाणेदार चाचरत म्हणायचा, "आपला, सर."

"मग उत्तरही माझंच."

विषय संपला. ठाणेदार बिचारे घरून तीन-तीन सबबी इस्त्री करून आणत आणि तशाच घडी न मोडता परत नेत.

मी त्यांचा ड्रायव्हर. चुकलं की खालच्याकडे बोट दाखवणारे साहेब तुम्हीही पाहिले असतील, मी तर अशा चौघांची गाडी चालवली. यांचं बोट स्वतःकडे वळायचं. बंदोबस्तात शेवटच्या शिपायाला जेवणाचं पाकीट मिळाल्याशिवाय हे जेवत नसत. पाकिटं कमी पडली की "मला भूक नाही" म्हणत आणि गाडीत बसल्यावर हळूच विचारत, "डब्यात काय आहे?" माझ्या बायकोची लाखोरीची भाजी त्यांना इतकी आवडली, की ती त्यांचा वेगळा डबा देऊ लागली.

साहेब घाटाकडचे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे एक दिवसाची जत्रा, भरते, ती त्यांना कागदावरच ठाऊक. एका मंडईत काठ्यांनी मारामारी झाली, दोघांची डोकी फुटली, तेव्हा साहेबांनी आदेश काढला: यापुढे मंडईत काठी, बांबू घेऊन कोणालाही सोडायचं नाही.

आदेशात ढालीला सूट द्यायची राहून गेली. ढाल म्हणजे घराच्या आढ्याला लागेल अशा बांबूला मोरपिसं बांधलेला गुराख्यांचा देव. ते तिला नाचवत आणतात, तेव्हा कुठे मंडई सुरू होते.

वैनगंगेकाठच्या एका गावात बंदोबस्ताला बाहेरच्या जिल्ह्यातले नवे शिपाई होते. त्यातल्या दोघांनी एका म्हाताऱ्या गुराख्याच्या हातातून ढाल हिसकली. जीपमध्ये मावेना, म्हणून पाय देऊन मोडली.

ठाणेदार सांगायला आला. "सर, पोरं नवी आहेत. निलंबित करू का?"

"देवावर पाय त्यांनी नाही ठेवला. मी ठेवला," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले, "गाडी काढा."

म्हातारा गोठ्यात शेण भरत होता. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. "बाबा..." एवढंच ते म्हणाले, तोवर म्हाताऱ्याने त्यांचे बूट धरले.

"चुकी झाली, साहेब. मले मालूम नोयतं. आता नाई आणत ढाल. पोरायले नोका नेऊ."

"उठा बाबा. चूक माझी आहे. मी माफी मागायला आलोय."

"हो साहेब. माफी द्या, साहेब."

त्याला उठवायला साहेबांनी हात पुढे केला, तर म्हाताऱ्याने मार चुकवावा तसा चेहरा झाकला. साहेबांचा हात तसाच राहिला. माझ्याही अंगावर खाकीच होती, आणि त्या दिवशीइतकी तिची लाज मला कधी वाटली नव्हती.

परतताना साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्याच संध्याकाळी आदेश बदलला. ढाल कोणी अडवणार नाही, अशी गावात दवंडी फिरली. दोन्ही शिपायांना काही झालं नाही. सगळं उत्तर साहेबांनीच वर दिलं. पावसाळ्याआधी त्यांची बदली झाली.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. "त्या गावच्या मंडईला गेला होतात का?"

"गेलो होतो, साहेब."

"बाबांनी ढाल आणली?"

"आणली, साहेब."

"नाचवली?"

"नाचवली."

"बरं झालं," साहेब म्हणाले. वर्षभरात त्यांचा एवढा मोकळा आवाज मी ऐकला नव्हता, म्हणून पुढचं मी बोललो नाही. म्हाताऱ्याने ढाल आणली होती खरी, पण तिचा बांबू त्याच्या कमरेएवढाच होता. आणि शिपाई दिसला की तो ती धोतराआड धरत होता.