मेडनहेडच्या बाकावरचा दृष्टांत

देवाने माझ्या नवऱ्याला बोलावल्याची बातमी मला कुकर घासताना कळली. हॉस्पिटलमध्ये लाँग डे, म्हणजे बारा तासांची ड्युटी, करून आले होते. पाय इतके सुजले होते की बूट काढताना मोजेही ओढले गेले. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, अंगात कोट, खांद्यावर लॅपटॉपची बॅग, आणि म्हणाला, "आज स्टेशनवर मला काहीतरी झालं."

"छातीत?" मी विचारलं. नर्सला दुसरं काय सुचणार!

छातीत नव्हतं. सकाळी तो लंडनच्या ट्रेनसाठी मेडनहेडच्या प्लॅटफॉर्मवर बाकावर बसला होता. ट्रेन आली, गेली. पुढची आली, तीही गेली. त्याला उठवेना. ढगातून ऊन आलं, डोळ्यांवर पडलं, त्याने डोळे मिटले आणि अगदी कानाशी कुणीतरी मराठीत म्हणालं, "पुरे." एवढंच. आजूबाजूला सगळे गोरे, फोनमध्ये डोकं घातलेले. हे सांगता सांगता तो रडायला लागला. मी ओल्या हातांनीच त्याला खुर्चीत बसवलं, वरणभात वाढला. तो जेवला आणि तिथेच टेबलावर डोकं टेकून झोपला. मला वाटलं, माणूस दमलाय, आठवडाभर रजा घेईल.

कसली रजा आणि कसलं काय!

आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती. लंडनच्या आसपास आमची मोजकी कुटुंबं आहेत. महिन्यातून एका रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. पेटीवर भजनं, मग वचन, मग साक्ष आणि मग जेवण. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते उभं राहून सांगायचं. ती सांगायची एक रीत असते आणि लहानपणापासून ऐकून ऐकून ती आमच्या अंगात मुरलेली असते. आधी अंधार, मग प्रकाश, मग आवाज आणि शेवटी कुठेतरी पाठवणी. सगळ्या साक्षी फिरून फिरून बायबलातल्या दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, वाटेवरच येतात. ख्रिस्ताच्या लोकांना धरून आणायला निघालेला माणूस त्या वाटेवर प्रकाशाने आंधळा होऊन पडला आणि पुढे प्रेषित झाला. नुसतं 'पुरे' ऐकून बाकावर बसून राहिलेल्या माणसाची साक्ष मी तरी कधी ऐकलेली नाही.

नवऱ्यानेही ती तशी सांगितली नाही. पहिल्या सभेत ऊन होतं त्याचा प्रकाश झाला. लोकांनी डोळे पुसले. पुढच्या महिन्यात 'पुरे'च्या मागे 'ऊठ' आलं. तो खोटं बोलत नव्हता हो, हे मी शपथेवर सांगेन. सांगताना त्याला ते तसंच आठवत होतं. ऐकणाऱ्यांच्या माना हलत होत्या आणि माना जिकडे हलतील तिकडे गोष्ट सरकत होती.

मग ठरलंच. नोकरी सोडायची, गावाकडे परत जायचं, पाळक म्हणजे चर्चचा पाद्री व्हायचं. आमचा तिघांचा इथला मुक्काम त्याच्या नोकरीच्या व्हिसावर. त्याने राजीनामा दिला की आमचं चंबूगबाळं आवरायचं. लेकीची ए-लेव्हल्स, म्हणजे इथली बारावीच, तोंडावर. ती मला म्हणाली, "आई, डॅड इज नॉट ओके. तुम्ही सगळे टाळ्या काय वाजवताय?" मी तिला गप्प केलं, पण बोलली ते खरं होतं.

पाळकाचं घर मला कुणी सांगायला नको, मी पाळकाचीच मुलगी. बदली झाली की आई भांडी पोत्यात बांधायची. नव्या गावात पोतं सुटायच्या आत पाहुणे हजर. बाबांच्या पाचारणाची साक्ष आम्ही गावोगाव ऐकली. देवाने बोलावण्याला आमच्यात पाचारण म्हणतात. आई त्या वेळी मागे चहा गाळत असायची.

आमच्या मंडळीत सगळ्यात वडीलधाऱ्या म्हणजे पिनरला राहणाऱ्या मावशी. रिटायर्ड मिडवाइफ. त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. त्यांनी नवऱ्याला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "हे बघ बाळा, ख्रिस्तानंतरच्या पहिल्या मंडळीत कुणालाही एकट्याला पाचारण झालेलं नाही. तिकडे तो वाटेवर पडला तेव्हा इकडे दिमिष्कात एका साध्या शिष्यालाही दृष्टांत झाला, की जा, त्याच्यावर हात ठेव. एक प्रेषित गच्चीवर प्रार्थना करत होता, तेव्हा दुसऱ्या गावात एका रोमी अधिकाऱ्याला, त्याला बोलावून घे म्हणून, आधीच सांगून झालं होतं. देव दोन्हीकडून बोलतो. तुझ्या बाबतीत दुसरं कोण?"

नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

झालं! त्या दिवसापासून अख्खी मंडळी माझ्या दृष्टांताची वाट बघायला लागली. व्हॉट्सॲपवर मेसेज यायचे, "ताई, काही ऐकलंत का?" जशी काही माझी डिलिव्हरीच अडली होती. एकीने उपास धरायला सांगितलं. बाई गं, वॉर्डात ब्रेक मिळत नाही, माझा उपास रोजचाच आहे. दुसरीने सांगितलं, पहाटे उठून गुडघे टेका. टेकले. खरंच सांगते, मनापासून टेकले, कारण देव बोलला असता तर माझाही प्रश्न सुटला असता. पण पलंगाच्या कडेवर कपाळ टेकलं की मला डुलकी लागायची. नवरा हळूच दार उघडून आशेने बघायचा. त्याचं ते बघणं माझ्या जिव्हारी लागायचं.

एक दिवस आईला फोन लावला. म्हटलं, "बाबांना पाचारण झालं तेव्हा तुला काही झालं होतं का?"

"झालं होतं की," आई म्हणाली. "उलट्या होत होत्या. तू पोटात होतीस."

मला हसू आलं. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही गं."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"आता काय उपयोग ते बोलून? तुझे बाबा चांगलेच होते. पण विचारायला हवं होतं."

पिनरच्या सभेत निर्णय व्हायचा होता. राजीनामा नवऱ्याच्या लॅपटॉपमध्ये टाइप करून तयार होता, सोमवारी पाठवायचा. मावशींच्या हॉलमध्ये सोफे भिंतीला सरकवून सतरंज्या घातल्या होत्या, आणि किचनमधून मटणाचा वास येत होता. नवरा साक्षीला उभा राहिला. आता प्रकाश सगळ्या प्लॅटफॉर्मवर पडला होता, आणि आवाज म्हणाला होता, "पुरे कर, ऊठ, माझ्या लोकांकडे परत जा." मी ऐकत होते. मला कळेना की काहीतरी राहिलंय ते काय. मग लक्षात आलं, आमचं स्वयंपाकघर नव्हतं त्यात. रडणं नव्हतं. वरणभात नव्हता. मी नव्हते.

बाबांनी मला लहानपणी दाखवलं होतं, दिमिष्काची गोष्टही शास्त्रात तीनदा येते आणि तीनदा वेगळी येते. एकदा सोबत्यांना आवाज ऐकू येतो, एकदा त्यांना नुसता प्रकाश दिसतो. आणि तिसऱ्यांदा प्रेषित स्वतः राजासमोर सांगतो, तेव्हा हात ठेवायला आलेला तो शिष्य गोष्टीतून गायबच होतो. जो माणूस घाबरत घाबरत त्याच्याकडे गेला, त्याला भाऊ म्हणाला, तोच नाही! मला त्या शिष्याचा इतका कळवळा आला की सांगता सोय नाही. रागही आला. मी तिथल्या तिथे उठले.

"मला दृष्टांत झालेला नाही," मी म्हणाले. चारचौघांत मी नवऱ्याला 'हे' म्हणते, त्या दिवशी सगळं विसरले. "पण याने पहिल्यांदा मला सांगितलं होतं, ते मी सांगते. हा बाकावर बसला आणि याला उठवेना. आवाज म्हणाला, पुरे. बाकी काही म्हणाला नाही. मग हा रडला. मी याला जेवायला घातलं आणि हा झोपला. माझी साक्ष एवढीच आहे."

मला वाटलं, आता नवरा मला आयुष्यभर माफ करणार नाही. तो उभाच होता, बायबल छातीशी धरून. मग त्याचे खांदे खाली आले आणि तो हलकेच सतरंजीवर बसला.

"हो," तो म्हणाला. "एवढंच म्हणाला होता."

मावशी गुडघ्यावर हात टेकत उठल्या. मग म्हणाल्या, "तो प्रेषितही डोळे उघडल्यावर कुठे निघायच्या आधी जेवला होता, बरं का. त्यावर कुणी प्रवचन करत नाही. चला, पानं घ्या."

परतताना गाडी तो चालवत होता. मोटरवेवर रविवारची गर्दी, वर राखाडी आभाळ. लेन बदलता बदलता तो म्हणाला, "मला खरंच ऐकू आलं होतं गं."

"मी कुठे नाही म्हटलं? देवच बोलला असेल. पण तो 'पुरे' म्हणाला, 'जा' नाही म्हणाला."

"उद्या राजीनामा नको. रजा मागतो."

"माग."

मग त्याने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "तुला कधी असं काही ऐकू आलं का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, हा प्रश्न त्याने पहिल्यांदा विचारला. मला आईची आठवण आली.

"तेच ऐकू येतं," मी म्हणाले. "शिफ्ट संपली की कार पार्कमध्ये. रोज."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

त्याने इंडिकेटर दिला आणि गाडी सर्व्हिसेसमध्ये, मोटरवेवरच्या थांब्यावर, घेतली. चहा आणेल असं वाटलं, पण तो उतरला नाही. इंजिन बंद केलं, माझ्याकडे वळला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. प्रार्थना करायला ठेवतात तसा नाही. ताप बघतात तसा, अवघडून.

"पुरे आता," तो म्हणाला.

मी सीट मागे केली आणि झोपले.